खतखत्यात कळलावी नको

मा. संपादक,

रविवारच्या पुरवणीतला परसबागेचा लेख वाचला. फोटो देखणे आहेत, वाद नाही. पण लेखकमहाशयांनी अर्धा रकाना 'कण्हेरीचे विष मुळांतून भेंडीत उतरेल' म्हणून घाबरवण्यात घालवला आणि शेवटी विषारी कंदाच्या कळलावीचा वेल कणगांच्या (जमिनीतून काढून खायच्या कंदांच्या) काठ्यांवर चढवला तर शोभून दिसतो, असे सुचवून मोकळे झाले! आमच्या कुंपणाला ३० वर्षे कण्हेर आहे, शेजारी भेंडी. ती आम्ही खातो आणि अजून आहोत. (छाटलेली कण्हेर पातेऱ्याबरोबर जाळू मात्र नये, तिचा धूरही वाईट. ते लेखात नाही.)

कळलावीचे मला सांगू नका. चतुर्थीला गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीला ही फुले लागतात, त्यासाठी डोंगर चढणे होत नाही म्हणून दोन कंद मीच आणून कणगांच्या वाफ्यात लावले. श्रावणात फुले अशी आली की येणारा-जाणारा थांबे. मार्गशीर्षात कणगां काढायला घेतली तेव्हा सगळेच वेल वाळलेले. कुठला कुणाचा, कोण सांगणार? घरात १८ माणसे जेवायला, खतखते (कंद-भाज्यांचे कालवण) चुलीवर, तिरफळे ठेचून तयार. उरलेली कणगां सोलताना भावजय म्हणाली, "भावोजी, हे एकच गुळगुळीत कसे? आणि नांगरासारखे वाकडे?" संस्कृतात कळलावीला लांगली का म्हणतात ते मला तेव्हा कळले. दुसरा कंद टोपात गेला की मातीतच राहिला, देव जाणे. गुरा-कुत्र्यांच्या तोंडी लागू नये म्हणून अख्खा टोप खड्ड्यात ओतून पुरला आणि नव्या जावयाला वरण-भात वाढला. तो अजून विचारतो, "आज खतखते ताटात, की जमिनीत?"

शिजवल्यावर विष जाते म्हणणारे भेटतीलच. सुरणाची खाज आमसुलाने जाते. कळलावीतले विष, कोल्चिसिन, उकळूनही जात नाही. काही तासांत उलट्या-जुलाब, आणि माणूस वाचलाच तर पुढे केस गळतात. म्हणून लावूच नये का? लावा की! वेगळ्या कुंडीत लावा, कुंडीवर नाव लिहा. कंदांच्या वाफ्यात नको, एवढेच.

भटकी गुरे आमची चवळी फस्त करतात, पण कण्हेरीला तोंड लावत नाहीत. त्यांना कळते. पंचायतीचा कोंडवाडा कुठे आहे ते मात्र त्यांनाही ठाऊक नाही, आम्हालाही.

दुरुस्ती रविवारच्या त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापावी. निधनवार्तांखाली नको.

आपला,
एक जुना वर्गणीदार, फोंडा