कंपासचे पैसे मिळणार नाहीत

वॉर्सा, 12 जून 2022

प्रिय सुमे,

चार महिन्यांत तुझ्या तीन मेसेजना मी नुसते अंगठे दाखवलेत. शिव्या घालून घे, मग पुढं वाच. तब्येत बरी आहे, पाठ दुखते.

लिहितेय कारण परवा मी पुन्हा तेच बोलले. कुठलं ते तुला सांगायला नको.

मार्चपासून आमच्या वर्गातली निम्मी पोरं स्टेशनावर नाहीतर लहान मुलांच्या कोपऱ्यात जातात. युक्रेनहून येतात त्या बायका, पोरं, म्हाताऱ्या. 18 ते 60 वयाच्या बाप्यांना देश सोडायची बंदी. मला वाटलेलं, तिशीत नोकरी सोडून मानसशास्त्र शिकतेय म्हणजे कायतरी खोल बोलायचं असणार. कसलं काय! चार्जर कुठं, संडास कुठं, पेसेल नंबराची (इथला सरकारी ओळख क्रमांक) रांग कुठली. पंधरा दिवस मी मोजे वाटले. शिकवलंही तेच होतं: बघा, ऐका, योग्य माणसाशी गाठ घालून द्या. काय काय बघितलंस म्हणून खोदायचं नाही. 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही. पाळता न येणारा शब्द द्यायचा नाही. हे शेवटचं वहीत दोनदा अधोरेखित केलंय मी.

(कोल्हापूरची म्हटल्यापासून आमच्या बाई मला 'वळिवडे' म्हणतात. तुझ्या आजीला सांग, तिच्या पोलंडवाल्यांना इथं अजून कोल्हापूर आठवतं. 1943 ते 48, वळिवड्याच्या निर्वासित छावणीत पाचेक हजार पोलिश माणसं, आणि त्यातही बहुतेक बायका-पोरंच. बाप्ये लढाईवर.)

तर परवा सहा-सात वर्षांचा एक पोरगा. नाव-गाव लिहीत नाही, नियम आहे. लेगोचं घर बांधत होता, शेजारी आईचा फोन. स्क्रीन उजळली की हात थांबायचा. बापाला पाठवलेल्या मेसेजपुढं एकच टिक होती, तीन दिवसांपासून. दुसरी टिक म्हणजे काय, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मान वर न करता त्यानं विचारलं, तातो येणार ना? त्यांच्यात बापाला तातो म्हणतात. मला ऐकू आलं तात्या.

मी म्हणाले, येतील. मराठीत! शब्द त्याला कुठला कळायला, पण माझी मान कशी हलली ते कळलं. पुन्हा घर बांधायला लागला.

बाईंना सांगितलं. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, पुढच्या वेळी म्हण, मला माहीत नाही, तुला त्याची आठवण येतेय ना. आरशासमोर घोकलं. पोलिशमध्ये जमतं, मराठीत जीभ अडते. काल गेले तर तो नव्हता, दुसऱ्या शहरात जागा मिळाली म्हणे. टिकेचं काय झालं कोणाला विचारू?

सुमे, त्या जुलैत तुमच्या पायरीवर बसून मी तुला छातीठोकपणे सांगितलं होतं. आठ वर्षांची होते, मान्य. पुढं दोन वर्षं तू बोलली नाहीस आणि मी आईला सांगत राहिले, कंपास हरवला म्हणून रुसलीय. कंपास मी खरंच हरवलेला, पण ते भांडण वेगळं आणि पैसे मिळणार नाहीत. मला एवढंच विचारायचंय, मी तेव्हा काय म्हणायला हवं होतं? की नुसतं बसून राहायचं होतं? बाईंचं उत्तर वहीत आहे. मला तुझं पाहिजे.

काकूंचा गुडघा कसा आहे? चिंट्या पहिलीत ना आता? स्लॅब पावसाआधी पडला ते बरं झालं (घातला या अर्थी).

उत्तर लिही. अंगठा पाठवू नकोस.

तुझी,
मनी