दीर्घिकांचे फिरणे आणि गुरुत्वाकर्षणाची कसोटी

संपादक महोदय,

कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारे पण गुरुत्वाकर्षणाने जाणवणारे द्रव्य, सिद्धच झाले आहे, असा आपल्या विज्ञान पुरवणीतील लेखाचा सूर घाईचा वाटला. सूर्यापासून दूरचे ग्रह संथ फिरतात; दीर्घिकांमध्येही, म्हणजे ताऱ्यांच्या प्रचंड समूहांमध्येही, तसेच अपेक्षित होते. परंतु व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी १९७० मध्ये देवयानी दीर्घिकेचे फिरण्याचे वेग मोजले, तेव्हा केंद्रापासून दूरही ते अपेक्षेप्रमाणे घटत नसल्याचे आढळले. त्याचे कारण म्हणून बहुतेक जण कृष्णद्रव्य मानतात; मात्र भौतिकशास्त्रज्ञ मोर्देहाय मिलग्रोम यांनी १९८३ मध्ये असे सुचवले की, प्रवेग (वेग बदलण्याचा दर) पृथ्वीवरील गुरुत्वप्रवेगाच्या सुमारे ८० अब्जाव्या भागाहून कमी झाला, की न्यूटनचा नियमच बदलतो, कृष्णद्रव्याची गरज उरत नाही. ही कल्पना तपासता येते, हे तिचे बळ आहे: दिसणारे तारे आणि वायू यांच्या वाटणीवरून वेग आधीच वर्तवायचा आणि मग हायड्रोजनच्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरींवरून मोजलेल्या वेगाशी ताडून पाहायचा. अंधूक दीर्घिकांबाबतचे तिचे भाकीत निरीक्षणांशी बऱ्यापैकी जुळले, याचा लेखात उल्लेखही नाही. अर्थात, दीर्घिकांच्या समूहांत मिलग्रोम यांचा हा बदललेला नियम अपुरा पडतो आणि तिथे न दिसणारे वस्तुमान त्यालाही मानावेच लागते. म्हणून माझा कल अजून कृष्णद्रव्याकडेच आहे, पण त्याचा कण आजवर कोणत्याही प्रयोगशाळेत निर्विवादपणे सापडलेला नाही, एवढे तरी छापायला हवे होते.

— एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक, सातारा