तान्ह्या बाळाचा पासपोर्ट फोटो

वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रात मोठ्यांचा फोटो तिथेच काढतात. त्यासाठी स्टुडिओत आठ प्रती काढणं म्हणजे पैसे फुकट. फोटो न्यायचा तो ४ वर्षांखालील मुलांचा: ३.५ बाय ४.५ सेंमी, पांढरी पार्श्वभूमी. बाळाला मांडीवर धरलं की आईचा हात नाहीतर ओढणी चौकटीत येतेच. त्यापेक्षा खिडकीजवळ पांढऱ्या चादरीवर उताणं निजवा आणि फ्लॅश बंद ठेवून बरोबर वरून टिपा. आपलीच सावली तोंडावर पडते, तेवढं बघा. डोळे उघडे, तोंड मिटलेलं. टोपरं काढा, झबलं गडद घाला. पांढरं चादरीत विरून जातं. गालावरची तीट पुसा, आजी रुसली तरी! आणि स्टुडिओवाल्याला आधीच बजावा, चेहरा गोरा करायचा नाही.

— एक छायाचित्रकार, नौपाडा, ठाणे