दम लागणाऱ्या पेशंटच्या घरी पण नर्स यायला पाहिजे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात पेशंटचा त्रास कमी करणारी सेवा, म्हटलं की आपल्या नागपुरात लोकं डायरेक्ट तुकडोजी चौकातल्या कॅन्सर हॉस्पिटलचं नाव घेतात. म्हणजे हे कॅन्सरवाल्यांचं, आणि ते पण अगदी शेवटच्या दिवसांचं, असं डोक्यात पक्कं बसलंय. माझ्या सासऱ्यांना कॅन्सर नाही, फुफ्फुसाचा फायब्रोसिस आहे, फुफ्फुस हळूहळू कडक होत जातं आणि ते परत मऊ होत नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की गोळ्यांनी वेग कमी होईल पण गेलेलं परत येणार नाही. ठीक आहे, ते आम्ही पचवलं. पण मग रात्री दोन वाजता दम लागला तर काय करायचं हे विचारलं तर उत्तर आलं ऑक्सिजन वाढवा नाहीतर ॲडमिट करा. या दोन गोष्टींच्या मधे काहीच नाही का हो? आहे, भरपूर आहे, पण ते सांगायला घरी कोणी येत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

बाबांनी आयुष्यात विडी ओढली नाही. डॉक्टरांनी हिस्ट्री घेताना पहिला प्रश्न विचारला तो कूलरचा. आम्हाला हसूच आलं, नागपुरात कूलर कोणाकडे नाही! पण भारतातल्या 19 शहरांमधल्या 27 सेंटरवर 2012 ते 2015 मधे फुफ्फुसाच्या अशा आजारांचे 1084 पेशंट नोंदवले होते, त्यातल्या जवळपास निम्म्यांना ॲलर्जीने होणारा फुफ्फुसाचा आजार निघाला आणि त्या निम्म्यांपैकी परत जवळपास निम्म्यांच्या घरी कूलर होता. कूलरच्या गवताच्या ओल्या ताट्यांवर बुरशी धरते, तीच हवा आपण रात्रभर तोंडावर घेतो. (मागच्या वर्षीच्याच ताट्या फडक्याने पुसून परत लावणाऱ्यांनी हे जरा मनावर घ्या.) आता बाबांसाठी कूलर बंद, बाहेर 45 डिग्री, एसी त्यांना सोसत नाही, म्हणजे उन्हाळा कसा काढायचा हा पण आजाराचाच भाग झाला आणि याचं प्रिस्क्रिप्शन कोणी लिहून देत नाही.

ऑक्सिजनचं सांगते. घरचं मिनिटाला 5 लिटर ऑक्सिजन देणारं मशीन साधारण 350 वॅट खातं. चोवीस तास चाललं तर दिवसाला आठ-साडेआठ युनिट, महिन्याला 250 च्या आसपास, हे फक्त मशीनचं. फ्रीज पंखे टीव्ही धरले की घर सरळ तीनशे युनिटच्या वरच्या स्लॅबमधे जातं आणि तिथला रेट महाग, म्हणजे माणूस श्वास घेतो म्हणून बिल वाढतं. आणि मे-जून मधे वादळ आलं, झाड पडलं की लाईट गेली, किती वेळ गेली सांगता येत नाही, घरचा छोटा इन्व्हर्टर मशीन फार वेळ ओढत नाही, म्हणून भरलेलं सिलेंडर कोपऱ्यात ठेवावंच लागतं. शेजारच्या काकू प्रेमाने येतात आणि बाबांच्या पलंगाजवळ अगरबत्ती लावतात, त्यांना दरवेळी सांगावं लागतं की ऑक्सिजनजवळ आग नको. हे सगळं आम्ही इकडून तिकडून विचारून शिकलो. एखादी ट्रेनिंग झालेली नर्स महिन्यातून एकदा घरी आली असती तर एका तासात सांगून गेली असती.

तिने अजून काय सांगितलं असतं? छोटा हातातला पंखा गालावर, नाकाजवळ धरला की दम लागल्याची भावना कमी होते, याचा अभ्यास झालेला आहे, पंखा शंभर-दोनशे रुपयाला सीताबर्डीवर मिळतो. पुढे वाकून टेबलावर कोपर टेकून बसायचं. श्वास ओठ मुरडून हळू सोडायचा. आंघोळ स्टुलावर बसून. घास छोटे, कारण जेवताना पण दम लागतो. आणि घाबरलं की श्वास फुलतो, श्वास फुलला की अजून घाबरायला होतं, हे चक्र कुठे तोडायचं ते घरच्यांना शिकवायला लागतं, नाहीतर सगळेच घाबरतात आणि सगळे मिळून रिक्षा शोधतात.

लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या लोकांनी 105 पेशंटवर हे करून बघितलं होतं, 2014 मधे छापलं. छातीचे डॉक्टर, पॅलिएटिव्हवाले, फिजिओथेरपिस्ट, घरी व्हिजिट, सगळं एकत्र. ज्यांना ही सेवा लगेच मिळाली त्यांना आपला दम आपल्या ताब्यात आहे असं जास्त वाटायला लागलं आणि सहा महिन्यांनी त्यांच्यातले जास्त लोक जिवंत होते. म्हणजे पॅलिएटिव्ह म्हणजे हात वर करणं ही जी समजूत आहे ना, ती चुकीची आहे, आणि दुर्दैवाने बऱ्याच डॉक्टरांची पण हीच समजूत आहे.

मॉर्फिनचं, म्हणजे अफूपासून होणाऱ्या औषधाचं, नाव काढलं तर विचारूच नका. एका मेडिकल स्टोअरवाल्याने माझ्याकडे असं बघितलं की मी गर्दच मागून राहिले. छोट्या डोसमधे काही पेशंटला दमावर त्याचा उपयोग होतो, सगळ्यांना नाही, अलीकडच्या अभ्यासांमधे निकाल मिश्र आलेत, बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणूनच तर जाणकार माणसाने बघून द्यायला पाहिजे. आपल्या शेजारी मध्य प्रदेशात सरकारी परवान्यावर अफूची शेती होते, तीच अफू औषधासाठी, आणि इथल्या पेशंटला गोळी मिळत नाही. 2014 मधे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा बदलून हॉस्पिटलसाठी चार-पाच लायसन्सची भानगड कमी केली, तरी भीती तेवढीच.

केरळमधे हे सगळं गल्लोगल्ली चालतं. 1993 मधे कोझिकोडला डॉ. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी सुरू केलं, 2008 मधे सरकारने धोरण आणलं, आता पंचायतीची नर्स घरोघरी जाते, आणि फक्त कॅन्सरसाठी नाही, लकव्याचे, किडनीचे, श्वासाचे सगळे पेशंट त्यात. आपल्याकडे पण कागदावर कमी नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे जवळच्या सरकारी दवाखान्याच्या, बारा सेवांमधे म्हाताऱ्यांची आणि पॅलिएटिव्ह सेवा लिहिलेली आहे, बोर्डावर पण रंगवलेली असते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की जगात गरज असलेल्यांपैकी साधारण 14 टक्के लोकांनाच ही सेवा मिळते, आणि गरज असणाऱ्यांत 10 टक्के श्वासाच्या जुन्या आजाराचे असतात. आपल्या भागात चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या बाया आहेत, भंडारा-गोंदियाच्या विडीवाले आहेत, कोळशाच्या खाणीतले आहेत, कोराडी-खापरखेड्याच्या राखेजवळ राहणारे आहेत, इथे तर ही सेवा सगळ्यात आधी पाहिजे होती.

अजून एक, जे कोणी बोलत नाही. बाबा स्वतः म्हणतात मला मशीनच्या नळ्या घालून आयसीयूत ठेवू नका. सुप्रीम कोर्टाने 2018 मधे अशी इच्छा लिहून ठेवायला मान्यता दिली, 2023 मधे प्रोसेस सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा गॅझेटेड ऑफिसर एवढं पुरतं. पण हे बोलणं माणूस शुद्धीत असताना, घरात, निवांत व्हायला पाहिजे, कॅज्युअल्टीच्या दारात फॉर्मवर सही करताना नाही. तिथे घरचा कोणीच ‘नळ्या नको’ म्हणू शकत नाही, मग बिल वाढतं आणि माणूस एकटा पडतो.

मेडिकल, मेयो आणि एम्स या नागपुरातल्या तिन्ही सरकारी हॉस्पिटलमधे छातीचे विभाग आहेत. त्यांनी आठवड्यातून एक दिवस दमाची ओपीडी पॅलिएटिव्हवाल्यांसोबत बसून चालवावी, मनपाच्या दवाखान्यातल्या नर्सला ट्रेनिंग देऊन घरी पाठवावं, आणि ज्यांच्या घरी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ऑक्सिजन मशीन आहे त्यांना महावितरणने खालच्या स्लॅबचा रेट लावावा. आणि संपादक साहेब, तुमच्या वार्ताहराला एकदा चौकशी करायला लावा की शहरात मॉर्फिनच्या गोळ्या नेमक्या कुठे मिळतात, कोणत्या वारी आणि कोणती चिठ्ठी लागते, आणि ते पहिल्या पानावर नाही, आतल्या पानावर छापलं तरी चालेल.

आपली,
एक वाचक, मानेवाडा, नागपूर