जहाजावरचे आजारपण आणि ‘स्वेच्छेने’ची सही

महोदय,

आपल्या सांगली जिल्ह्यातली मुले मर्चंट नेव्हीत जातात, पण आजारी पडून परतल्यावर अपंगत्व भरपाईचा दावा बहुधा एका ओळीपायी अडतो. साईन-ऑफच्या, म्हणजे जहाजावरची नोकरी सोडून उतरण्याच्या, कागदावर कारण ‘स्वेच्छेने’ पडते आणि घरी यायच्या घाईत मुलगा सही करतो. तिथे ‘वैद्यकीय कारण’ लिहून घ्यावे. छाती दुखली, कंबर धरली, तर त्याच दिवशी कॅप्टनला सांगून वैद्यकीय नोंदवहीत तारीख-वेळेसह नोंद करावी, तिचा फोटो ठेवावा. बंदरावरच्या डॉक्टरचा अहवालही सोडू नये.

एमएलसी २००६ या खलाशांच्या हक्कांविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जहाजमालकाची उपचारखर्चाची जबाबदारी किमान १६ आठवडे असते. घरी आल्यावर पगार किती आणि अपंगत्वाची रक्कम किती, हे मात्र बहुधा नोकरीचा करार ठरवतो. त्याची प्रत घरी हवीच. विमा कंपनीचे नाव-पत्ता जहाजावर लावलेल्या आर्थिक हमीच्या प्रमाणपत्रावर असतो, पण तो उतरवून घेतो कोण! भरतीवेळी मधुमेह, रक्तदाब मुद्दाम लपवला असेल तर मालक हात वर करू शकतो. आणि ‘फुल अँड फायनल’वर, म्हणजे सगळे देणे मिटल्याच्या कागदावर, सही करण्याआधी अपंगत्वाची टक्केवारी लेखी मागावी.

– एक वाचक, विटा (जि. सांगली)