पाचोळा म्हणजे कचरा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘स्वयंसेवकांनी टेकडी केली चकाचक’ ही कालची बातमी आणि तिच्यासोबतचे छायाचित्र पाहून हे पत्र लिहीत आहे. रविवारी भल्या पहाटे उठून दाताळी आणि खराटे घेऊन राखीव वनात जाणाऱ्या त्या मंडळींबद्दल आदरच आहे. पण छायाचित्रात ते जे करताना दिसतात ते वनात करायचे काम नव्हे. आपल्या वार्ताहराने त्याचे कौतुक केल्यामुळे पुढच्या रविवारी आणखी चार टेकड्यांवर तेच होणार, ही खरी काळजी आहे.

छायाचित्र नीट पाहावे. उजवीकडे मनगटाएवढ्या बुंध्याचे कोवळे झाड आहे. त्याला टेकून कंबरेइतका उंच पाचोळ्याचा ढीग घातला आहे आणि ढिगातून धूर निघतो आहे. खाली ओळ अशी: ‘वणवा लागू नये म्हणून पालापाचोळा जाळताना’. गवतातून पळत जाणारी ज्वाला एका बुंध्यापाशी थोडाच वेळ थांबते. ढीग मात्र आतल्या आत तासन्‌तास धुमसतो. सालीखालचा जिवंत थर ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मरतो आणि कोवळ्या झाडाची साल त्याला फार वेळ वाचवू शकत नाही. बुंध्याभोवती तो थर चहूबाजूंनी मेला की पानांत तयार झालेले अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. झाड या वसंतात पालवेल, कदाचित पुढच्याही, आणि मग एकाएकी वाळेल. तोवर हा ढीग कोणाच्या लक्षात राहणार?

सावल्याही पाहाव्यात. त्या आखूड आहेत, म्हणजे अकरा वाजून गेले असावेत. उतार तापला की वारा खालून वर वाहू लागतो, नेमक्या त्याच वेळी आग लावली आहे. ‘आग पूर्ण नियंत्रणात होती’ असे बातमीत म्हटले आहे. पाठीवरचा एकही पंप, पाण्याचा एकही कॅन छायाचित्रात नाही, दोघांच्या पायांत चपला आहेत. आणि राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम २६ खाली गुन्हा आहे. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्यांचा हंगाम धरला जातो, हे वृत्तपत्राला मी सांगायला नको.

वसंताच्या तोंडावर वनात झाडायची जागा एकच, जाळरेषा, म्हणजे वणवा अडावा म्हणून झाडून मोकळा ठेवलेला पट्टा. बाकी सगळा पाचोळा जिथे पडला तिथेच राहिला पाहिजे. जाळरेषा धावून धावून पुरी करण्याचे काम नव्हे, म्हणून ते इथे थोडे विस्ताराने लिहितो. रेषा रस्त्याच्या, पायवाटेच्या किंवा डोंगरधारेच्या कडेने घ्यावी. मध्यउतारावर घेतली तर वरून जळते ओंडके घरंगळत येऊन ती ओलांडतात, आणि खालून चढणारी आग तोवर इतका वेग घेते की तिला अडवणे अवघड होते. पाचोळाच असेल तर तीन मीटर रुंदी पुरते, गवत कंबरेला लागत असेल तर पाच-सहा मीटर हवी. आधी विळ्याने गवत कापून उचलून न्यावे. कापून तिथेच टाकलेले गवत दोन दिवसांत कडकडीत वाळते आणि रेषा पूर्वीपेक्षा धोक्याची होते. मग दाताळ्याने पाचोळा ओढावा आणि शेवटी खराट्याने जमीन दिसेपर्यंत झाडावे. कुदळ-फावडे लावू नये, उतारावर खरवडलेल्या मातीची पहिल्या पावसात घळ होते.

ओढलेल्या पाचोळ्याचे काय करायचे, इथेच बहुतेक गट चुकतात. तो रेषेच्या कडेला बांधासारखा रचला जातो. वणवा आला की तो बांधच सर्वांत जोरात पेटतो आणि ठिणग्या सहज पलीकडे पडतात. पाचोळा आतल्या, म्हणजे राखायच्या बाजूला लांबवर आणि पातळ पसरावा. रेषेवर आडवे पडलेले खोड वातीचे काम करते, त्याचा तेवढाच भाग कापून बाजूला लोटावा. ब्लोअर, म्हणजे पाचोळा उडवणारे यंत्र, वापरत असाल तर पेट्रोल भरण्याआधी इंजिन गार होऊ द्यावे आणि उघड्या मातीवर येऊनच भरावे. तापलेल्या इंजिनावर सांडलेले पेट्रोल ज्या वणव्यासाठी रेषा काढतो तोच लावून जाते.

आणि रेषा एकदा काढून भागत नाही. पळस फुलला, पांगारा फुलला म्हणून पानगळ संपली असे होत नाही. सागाची, ऐनाची पाने त्यानंतरही पडत राहतात. जानेवारीत झाडलेली रेषा मार्चमध्ये पुन्हा झाकलेली असते. दर आठ-दहा दिवसांनी एक फेरी मारावी लागते. तीस जणांनी एका रविवारी येण्यापेक्षा पाच जणांनी सलग सहा रविवार येणे वनाला जास्त उपयोगी आहे. त्याचे छायाचित्र आकर्षक येत नाही, हे मान्य.

राहिलेला पाचोळा तिथे पडून काय करतो, हा प्रश्न बातमीत कोणालाच पडलेला नाही. त्याच्याखाली ओल टिकते. रानहळद, शेवळ, सफेद मुसळी यांचे कंद आत्ता मातीत झोपलेले असतात. सरडे, सापसुरळ्या, फुलपाखरांचे कोश त्यातच असतात. जूनमध्ये वळवाचा टपोरा थेंब उघड्या मातीवर आपटला की माती उधळून वाहून जाते, पाचोळ्यावर पडला तर जिरतो. विरोधाभास असा की याच गटाने गेल्या पावसाळ्यात लावलेली रोपे शंभर पावलांवर उघड्या आळ्यांत सुकत आहेत, बातमीतल्या दुसऱ्या छायाचित्रात ती दिसतात. जो पाचोळा जाळला तोच त्या आळ्यांत चार बोटे जाडीचा घातला असता, खोडापासून वीतभर लांब आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वर दगड ठेवून, तर पाणी अर्ध्या वेळा घालावे लागले असते. रोज तांब्याभर पाण्याने वरची मातीच ओली होते आणि मुळे वरच राहतात. आठवड्यातून एकदा दहा-पंधरा लिटर, सावकाश, हे बरे.

‘घाणेरीचे समूळ उच्चाटन’ या ओळीबद्दलही दोन शब्द. छायाचित्रात कोयत्याने गुडघ्याइतक्या उंचीवर कापलेले खुंट आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला पावसात पाच-सात नवे धुमारे येतील. खोड आणि मूळ जिथे जुळतात तिथून फूट येते, त्यामुळे घाव जमिनीच्या तीन-चार बोटे खाली मुळावर घालावा लागतो आणि झुडूप उलटे करून ठेवावे लागते, म्हणजे फांद्या पुन्हा रुजत नाहीत. जमीन मऊ असते तेव्हा, पावसाळ्याच्या शेवटाला, हे काम सोपे जाते. आत्ता कापून वनातच रचून ठेवलेल्या घाणेरीच्या मोळ्या म्हणजे वाळलेले सरपण आहे. त्या तातडीने बाहेर न्याव्यात. ‘धोकादायक म्हणून’ तोडलेले वठलेले झाड वाटेपासून दूर होते, हेही छायाचित्रातच दिसते. त्याच्या फांदीवरचे गोल भोक तांबट पक्ष्याचे वाटते आणि तांबटाचा विणीचा काळ नेमका हाच आहे.

एक तक्रार मात्र थेट आपल्याबद्दल आहे. त्याच पानावर ‘वसंताची चाहूल’ म्हणून टिटवीच्या चार अंड्यांचे छायाचित्र आहे आणि खाली जागा दिली आहे, कोणत्या वळणावर, कोणत्या खडकामागे. टिटवी घरटे बांधत नाही, खड्यांच्या उथळ खळग्यात अंडी घालते आणि महिनाभर आळीपाळीने उबवते. भर उन्हात नर-मादी पोटाची पिसे भिजवून आणून अंडी थंड ठेवतात. माणूस जवळ उभा राहिला की ती उठतात, डोक्यावर ओरडत फिरतात, आणि तेवढा वेळ अंडी तापत राहतात. आज सकाळी मोबाइल घेऊन तिथे किती जण गेले असतील? ई-आवृत्तीतून ते छायाचित्र नाही तरी ती जागा आजच काढून टाकावी, आणि पिल्ले बाहेर पडेपर्यंत स्वयंसेवकांनी त्या वळणावरची रेषा पन्नास पावले अलीकडेच थांबवावी.

आपला,
एक नियमित वाचक