यादीत नाव माझं, मत ह्यांचं

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकातला मतचाचण्यांच्या शास्त्रावरचा लेख वाचला. १९३६ची अमेरिकेतल्या अध्यक्षीय निवडणुकीची गोष्ट लेखकमहाशयांनी छान रंगवली आहे. 'लिटररी डायजेस्ट' साप्ताहिकाने कोटभर मतपत्रिका धाडल्या, वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि तरी रूझवेल्टविरुद्ध लँडन निवडून येणार म्हणून तोंडघशी पडले. लँडनना दोनच राज्यं मिळाली. मतचाचण्या घेणाऱ्या गॅलपने त्यामानाने मूठभर लोकांना विचारून रूझवेल्ट बरोबर सांगितले. मात्र १९४८ मध्ये त्याच गॅलपने निवडून आलेल्या ट्रुमनना अंदाजात पाडून ठेवलं होतं, ते लेखातून गळलं. जागा कमी पडली असेल.

नमुना शास्त्रशुद्ध निवडला की थोडी माणसंही पुरतात, असं लेखक म्हणतात. पुरत असतील. मी त्या नमुन्यातलीच एक, म्हणून लिहिते.

२०२४च्या लोकसभेआधी भर दुपारी एका संस्थेचा मुलगा दारात आला. मतदार यादीतून निघालेलं नाव माझं, टॅबवर वयासकट. मी मेथी निवडत होते. "काकू, आज मतदान झालं तर कुणाला द्याल?" म्हटलं, "अजून ठरलं नाही." त्याचं बोट 'सांगता येत नाही'वर जायच्या आत आतून आमच्या ह्यांचा आवाज, "अरे, तिला काय विचारतोस? मी सांगतो." आणि सांगितलं की! पक्ष, उमेदवार, महागाई, रस्ते, सगळं धडाधड. पोरगा टिपत गेला. "अहो, नाव माझं आहे," मी म्हटलं, तर तो ओशाळून हसला. "घरातलंच ना काकू, एकच." त्याला तरी काय बोलणार? फॉर्ममागे पैसे, संध्याकाळपर्यंत पंचवीस घरं आणि बाहेर मिरजेचं ऊन. तांब्याभर पाणी प्यायला नि गेला. जाताना 'व्यवसाय' मात्र कुणालाच न विचारता 'गृहिणी' टाकला. मी एकतीस वर्षं बँकेत कॅश मोजली आहे.

पुढे टीव्हीवर 'महिलांचा कल' अशी गुलाबी पट्टी आली की मी ह्यांच्याकडे बघायची.

१ जूनला बहुतेक एक्झिट पोलवाल्यांनी एनडीएला साडेतीनशेपार नेलं, आल्या २९३. महाराष्ट्रात ४८ पैकी महायुतीला १७, आणि आमच्या सांगलीत तर अपक्ष. यावर लेखकांचं उत्तर काय, तर मतदार खरं बोलत नाही! कोण खोटं बोललं? मला तर बोलूच दिलं नाही. नमुना कसा काढला, गणित कसं मांडलं यावर लेखात दोन रकाने आहेत. दारात उत्तर कोणी दिलं, यावर एक ओळ नाही. मी शेवटी मत कुणाला दिलं, ते ह्यांनाही अजून ठाऊक नाही.

जाता जाता. मागच्या वेळी माझ्या पत्रातला नळाच्या पाण्याचा अख्खा परिच्छेद कापलात, ते एक वेळ ठीक. पण नावाआधी 'सौ.' कुणाला विचारून जोडलंत? या वेळी नावच छापू नका.

– आपली नियमित वाचक, मिरज